मागल्या दाराची साक्ष

पोस्टमन पिराजीनं सायकलची घंटा एकदा वाजवली, तर साधं पत्र. दोनदा वाजवली, तर सहीचं. दोनदा वाजली, की हुपरीच्या त्या चांदीकारागिरांच्या गल्लीतली पुरुषमाणसं हातातलं काम ठेवून मागल्या दारानं परड्यात जायची. पळायचं कुणी नाही. पळालं की चूक केल्यासारखं दिसतं. फुंकणी खाली ठेवायची, मांडी झटकायची आणि म्हशीला पाणी दाखवायला निघाल्यासारखं निघायचं. मग घरातल्या बाईनं पुढच्या दारात येऊन सांगायचं, "घरात न्हाईत."

आणि ते खरं असायचं. सीताबाईचा त्या बाबतीत फार कटाक्ष. चातुर्मासात जैन मुनिमहाराजांपुढं हात जोडून तिनं खोटं न बोलण्याचा नेम घेतला होता, आणि वीस वर्षं तो पाळला होता. उंबऱ्यापलीकडं पाय पडला, की माणूस घरात नसतो. यात खोटं ते काय?

ही रीत पडली एकोणऐंशी साली. तिच्या नवऱ्यानं, बापूसोंनी, एका सरकारी लिफाफ्यावर भोळेपणानं सही केली. आतून निघाली विक्रीकराची नोटीस. चूक दुसऱ्याच कुणाची होती, पण ते पटवून द्यायला पैंजणं घडवणाऱ्या या माणसानं दोन वर्षं कोल्हापूरच्या कचेरीचे जिने चढले. तेव्हापासून घरात दोन नियम झाले, आणि बघून बघून गल्लीनंही ते उचलले. सही करायची नाही, हा पहिला. आणि पत्र कुणाच्या नावचं होतं हे नंतर विचारायचं नाही, हा दुसरा. कळलं, की ते पोटात ठेवावं लागतं. आणि पोटात ठेवलेलं कधीतरी खोट्याच्या रूपानं बाहेर पडतं.

मुलगा अभिनंदन चांदीच्या धंद्यात रमला नाही. तो हुपरी-कोल्हापूर वडापची जीप चालवायचा. एसटीच्या आधी सुटायची आणि एसटीला लाजवतील इतकी माणसं कोंबायची, असा तो वडापचा धंदा. अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात उचगावच्या पुलाजवळ आरटीओच्या माणसांनी जीप अडवली. साहेबानं लायसन बघितलं, हातातली यादी बघितली, पुन्हा लायसन बघितलं.

"हे तर तीन महिन्यांसाठी निलंबित आहे. जुलैपासून. तू गाडी चालवतोस कसा?"

अभिनंदनला वाटलं, साहेब चेष्टा करतोय. तो हसला. ते हसणंसुद्धा अहवालात लिहिलं गेलं.

झालं होतं असं. एप्रिलमध्ये नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा सापडली होती. त्यावर आरटीओ कचेरीनं मे महिन्यात अभिनंदनला एक सहीचं पत्र धाडलं, की येऊन तुझं म्हणणं मांड. तो गेला नाही. जूनमध्ये दुसरं धाडलं, की जुलैपासून तीन महिने तुझं लायसन निलंबित. दोन्ही लिफाफे जसेच्या तसे परत गेले.

आता खटला उभा राहिला होता. निलंबित लायसनवर गाडी चालवली हे शाबीत झालं, तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग आणि लायसन कायमचं बाद. तुरुंगापेक्षा सीताबाईला धास्ती दुसऱ्या गोष्टीची होती. अभिनंदन दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून निवडला गेला होता. चाचणी झाली होती, यादीत नाव होतं, हजर होण्याचं पत्र तेवढं यायचं होतं. शिक्षा लागली की नावावर रेघ. पोरगं जन्मभर वडापच्या फळकुटाला लोंबकळणार, आणि तेही आता लायसन नसल्यामुळं नाही.

सीताबाईला पहिला संशय आला पिराजीचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं सायकल तिच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवरून नेली होती, तेव्हा तिनं त्याला भर गल्लीत सुनावलं होतं. त्याचाच डाव. त्यानं लिफाफ्यावर 'घेण्यास नकार दिला' असं ठोकून लिहिलं असणार. दुसरा संशय शेजारच्या बयाबाईचा, कारण यादीत नाव आल्याचे पेढे घेताना तिचा चेहरा पेढ्यासारखा गोड झाला नव्हता. आणि तिसरा संशय वकीलबाईंचा.

वकीलबाई म्हणजे उचगावची संघप्रिया कांबळे. वय तिशीच्या आतलं, खांद्याला कापडी पिशवी. अभिनंदननं तिला शोधून आणलं होतं. सीताबाईला वाटत होतं, वकील कसा पिकल्या केसांचा हवा, त्याच्या खोलीत पंखा करकरायला हवा. ही पोरगी एका फाटक्या वहीत बारीक अक्षरात सगळं लिहून घेते, आणि उत्तर दिलं तरी तोंडाकडं बघत बसते. सरकारलाच जाऊन सांगत नसेल कशावरून?

जानेवारीत एका दुपारी संघप्रिया हुपरीला घरी आली. पुढच्या सोप्यात बापूसो आणि अभिनंदन शेगडीपुढं बसून पैंजणांच्या कड्या झाळून जोडत होते. जीप बंद झाल्यापासून पोरगं नाइलाजानं फुंकणी धरत होतं. सीताबाईनं चहा आणला. घरातल्यांची स्टीलची फुलपात्रं मांडणीवर होती, पण चहा आला तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या, दांडी तुटलेल्या कपातून. संघप्रियानं कपाकडं बघितलं, सीताबाईकडं बघितलं आणि चहाचा घोट घेतला.

"काकू, लिफाफा आला त्या दिवशी अभिनंदन कुठं होते?"

"घरात नव्हता."

"मग कुठं होते?"

सीताबाईनं पदर सावरला. गेले आठ दिवस बयाबाई तिला पढवत होती: पुण्याला गेलता म्हणून सांग, पुणं लई मोठं हाय, कोण शोधाय जातंय? पण ते वाक्य जिभेवर आलं, की महाराजांचा चेहरा दिसायचा.

"घरात नव्हता म्हंजे नव्हता," ती म्हणाली. "किती येळा सांगू?"

"काकू, सरकारी वकिलाकडं कागद आहे. बावीस जूनला, ज्या दिवशी पत्र परत गेलं त्याच दिवशी, अभिनंदननी ग्रामपंचायतीत नळाच्या अर्जावर सही केलीय. म्हणजे गावात होते. तुम्ही काय लपवताय ते मला सांगितलं नाही, तर ते मला कोर्टात कळेल. सगळ्यांबरोबर."

"आमी कशाला लपवू? आमी काय चोर हाय?"

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. दोनदा.

संघप्रियानं मान वळवून पुन्हा सरळ केली, तेवढ्या वेळात सोपा रिकामा झाला होता. शेगडी पेटलेली. अर्धं पैंजण चिमट्यात तसंच धरलेलं. अभिनंदनच्या फुलपात्रातल्या चहाची वाफ वर जात होती. मागलं दार हळूच लागल्याचा आवाज आला, आणि शेजारच्या घराचं मागलं दार लागल्याचा, आणि त्याच्या पलीकडच्या घराचंही.

पिराजी बयाबाईच्या दारात थांबला. बयाबाईचा खणखणीत आवाज आला, "घरात न्हाईत!" सायकल पुढं गेली.

"हे काय झालं?" संघप्रियानं विचारलं.

"कुठं काय?" सीताबाई म्हणाली.

परड्यातून बापूसो खाकरले. माणूस परड्यात गप्प बसेल, पण खोकला बसत नाही. संघप्रिया उठली, मागलं दार उघडलं आणि बघितलं. म्हशीजवळ बाप-लेक उभे होते आणि दोघंही म्हशीकडं मोठ्या आस्थेनं बघत होते. कुंपणापलीकडं आणखी तीन परड्यांत तीन माणसं तशीच उभी होती.

संघप्रिया दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. सीताबाईला तिचा भयंकर राग आला. पण वीस वर्षांचं ओझं एकदम हलकं झाल्यासारखंही वाटलं, आणि मग तिनं सगळं सांगितलं. एकोणऐंशी साल, दोन नियम, नेम, सगळं.

"पत्र कुणाचं, हे त्यांना माहीत नसायचं?"

"कुणालाच न्हाई. मला तेवढं दिसतंय. पिराजी नाव वाचतोय की."

"म्हणजे नाव अभिनंदनचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

शेगडीवर फुंकर घालावी तसं सीताबाईनं तोंड केलं, पण फुंकर आली नाही.

"हे सगळं तुम्ही कोर्टात सांगायचं," संघप्रिया म्हणाली. "असंच्या असं. ज्याला ठाऊकच नव्हतं, त्यानं हुकूम मोडला कसा म्हणायचा? दुसरी वाट मला दिसत नाही."

"खरं सांगून कोन सुटलंय, बाई?"

"खोटं सांगून तुम्ही बुडालाच म्हणून समजा. तुम्हाला खोटं बोलताच येत नाही. तुमचे कान लाल होतात." तिनं दांडी तुटलेला कप उचलला, परड्यातल्या हौदावर स्वतःच विसळला आणि खिडकीत उपडा ठेवला. "आणि मागलं दार मला नवं नाही, काकू. आमच्या आजीनं हुपरीतली लई मागली दारं बघितल्यात. पुढच्यातनं तिला कुणी घेत नव्हतं."



आठवड्यात गल्लीला सुगावा लागलाच. बयाबाई येऊन उंबऱ्यावरच बसली.

"आक्का, तू म्हणं कोडतात मागलं दार उघडं करनार."

"कुनी सांगितलं?"

"कुनी का सांगंना. तुझं पोरगं सुटंल, आणि उद्या सरकारचा मानूस परड्यात येऊन हुबा ऱ्हाईल. मग आमच्यातल्यांनी जायाचं कुठं? म्हशीखाली?"

"माझ्या पोराची नोकरी जातीया, बया."

"नोकऱ्या छप्पन येत्यात. गल्ली एकच हाय." बयाबाई उठली, आणि जाताना म्हणाली, "त्या वकिलीनीनं तुला नादी लावलंय. त्यांच्यावर इस्वास ठेवतीस व्हय?"

'त्यांच्यावर' या शब्दावर तिनं जो जोर दिला, तो सीताबाईला परिचयाचा होता. स्वतःच्या मनातही तो तिनं अनेकदा दिला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तो तिला कुजकट लागला. त्या रात्री ती झोपली नाही. वकीलबाईंनी खरंच फसवलं तर? पिराजीनं खरंच 'नकार' लिहिलं असेल तर? न्यायाधीश म्हणाला, बाई, तू सरकारी पत्र नाकारत होतीस, तूच आत जा, तर?

फेब्रुवारीत भाऊसिंगजी रोडवरच्या कोर्टात तारीख लागली. आधी पिराजी पिंजऱ्यात उभा राहिला. सीताबाईनं त्याच्यावर अशी नजर रोखली, की त्यानं दोनदा टोपी सारखी केली. सरकारी वकिलानं दोन्ही लिफाफे पुढं केले. तपकिरी, चिकटवलेले, कुणी न फोडलेले.

"यावरचा शेरा तुमचाच? वाचा."

पिराजीनं वाचलं, "घरी नाही, असे आईने सांगितले. परत."

सीताबाईनं श्वास सोडला. सांडग्यांचं प्रकरण तिनं तिथल्या तिथं मिटवून टाकलं.

"आरोपी खरोखर घरी नव्हता, याची खात्री केलीत?"

"मी पुढच्या दारात हुबा असतोय साहेब," पिराजी म्हणाला. "मागलं दार माझ्या कामात येत न्हाई."

मागं बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. सरकारी वकील हसले नाहीत. ते न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, की गावात असलेला माणूस दोन्ही वेळा नेमका घरात नसतो, याचा अर्थ पत्र टाळलं गेलं, आणि टाळलेलं पत्र पोचल्यासारखंच धरलं पाहिजे.

मग सीताबाईला पुकारलं. तिनं शपथ घेतली. संघप्रियानं मोजके प्रश्न विचारले आणि सीताबाईनं मागलं दार कोर्टात उघडलं. म्हैस सांगितली, फुंकणी सांगितली, एकोणऐंशी साल सांगितलं. गल्लीतल्या इतर घरांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि घंटा किती वेळा वाजते हेही कुणी विचारलं नाही. न विचारलेलं सांगणं काही तिच्या नेमात बसत नव्हतं. पिराजीनं त्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हळूच घाम पुसला.

सरकारी वकील उठले. "म्हणजे पोस्टमन आला की तुमचा मुलगा पळून जातो?"

"पळत न्हाई. चालत जातोय."

"नोटीस आलीय हे कळतं, म्हणूनच ना?"

"घंटा वाजती म्हणून. नऊ वर्साचा असल्यापासनं जातोय. नऊ वर्साच्या पोराला कसली नोटीस येतीया साहेब?"

वकिलांनी कागद उलटला. त्यांच्याकडं पुढचा प्रश्न नव्हता. पण न्यायाधीशांकडं होता. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, नाव तुमच्या मुलाचं होतं हे तुम्ही बघितलंत. नियम असेल घरात. पण आई म्हणून एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

सीताबाईनं अभिनंदनकडं बघितलं. तो खाली मान घालून उभा होता. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, पण हे खोट्यानं झालेलं नव्हतं.

"वाटलं हुतं," ती म्हणाली. "दोन्ही येळा वाटलं. पन तो लिफाफा बघून मला ह्यांचे ते दोन वर्साचे हाल आठवले. मी म्हणलं, जे काय आत हाय ते हितनंच माघारी जाऊ दे. माझ्या पोरापातूर पोचायला नको. ही चूक माझी हाय. त्याला ठाऊक न्हवतं. त्याला कायबी ठाऊक न्हवतं."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग संघप्रियाच्या विनंतीवरून दोन्ही लिफाफे तिथंच फोडले. त्यातले कागद अभिनंदननं त्या दिवशी पहिल्यांदा वाचले, आणि वाचताना त्याचा चेहरा जसा होत गेला, तसा चेहरा नाटकातल्या माणसालाही करता आला नसता.

बाहेर व्हरांड्यात सीताबाई संघप्रियाला म्हणाली, "निकाल काय बी लागू दे. एकदा घरी या. आणि च्या आमच्या फुलपात्रातनं घ्यायचा."

"दांडी नसती हो त्याला पण," संघप्रिया म्हणाली. "बोटं भाजतात."

"मग दोघी मिळून भाजून घेऊ की."

आठ दिवसांनी निकाल लागला. मुलाला हुकमाची माहिती होती, हे शंकेपलीकडं शाबीत झालं नाही, असं न्यायाधीशांनी वाचलं आणि अभिनंदनला संशयाचा फायदा देऊन सोडलं. सीताबाईनं ते शब्द संघप्रियाकडून पुन्हा एकदा ऐकून घेतले. आयुष्यभर तिनं पोस्टमनपासून पेढ्यापर्यंत सगळ्यांचा संशय घेतला होता. त्यात फायदा झाल्याची ही पहिली खेप.

माय-लेक एसटीनं हुपरीला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. स्टँडवर पिराजी सायकल टेकवून त्यांचीच वाट बघत होता.

"सुटला न्हवं? बरं झालं." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "काकू, सकाळी तुमच्यात गेलतो. सहीचं घिऊन."

बापूसो घरी एकटेच होते. ऑर्डर निघायची होती म्हणून ते कोर्टात आले नव्हते.

"मग?"

"मग काय. घंटा वाजवली. आतली फुंकणी थांबली. मागलं दार वाजलं. आता पुढं यायला कोन न्हाई! मी हुबा. जरा येळानं परड्यातनं आवाज आला, 'घरात कुनी न्हाई!' मी म्हणलं, मग बोलतंय कोन? तर त्यावर उत्तर न्हाई."

अभिनंदननं कपाळावर हात मारला.

सीताबाईनं आधी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग वीस वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"कुनाचं हुतं?"

"दूध संघाचं. अभिनंदनच्या नावचं." पिराजी म्हणाला, "परतीचा शेरा मी अजून मारला न्हाई. अभिनंदन कोडतात निकालाला गेलाय, हे मला ठाऊक हुतं की. पोस्टात ठेवलंय. पाचला खिडकी बंद हुती."

सीताबाईनं पदर खोचला. "चल रं."

"आई, आधी घरी जाऊन बाबांना निकाल तरी..."

"त्यांना परड्यात आनखी तासभर बसू दे. सवय हाय."

पोस्टात खिडकीपुढं दोन माणसं होती. त्यांची पाळी आली तसं कारकुनानं लिफाफा काढला. तपकिरीच होता. वही पुढं सरकवली, बोटानं रकाना दाखवला आणि म्हणाला, "ज्याचं नाव, त्यानंच सही करायची."

अभिनंदननं पेन उचललं. चोवीस वर्षांच्या त्या गड्याचा हात कागदावर टेकला आणि तिथंच थांबला. पायाची टाच उचलली गेली. मान आपोआप मागं वळली. पोस्टाच्या पोत्यांच्या ढिगाशेजारी, अंगणाकडं उघडणारं एक मागलं दार होतंच.

सीताबाईनं ते बघितलं. ती पोतं ओलांडून गेली, आणि दोन्ही हात चौकटीला लावून त्या दारात उभी राहिली.